गिटारचा बॅटरीवाला अँप घेताना आधी अंतर बघा, वॅट नंतर

प्रिय संपादक,

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका वाचकाने लिहिलं होतं की संध्याकाळी बागेत गिटार घेऊन बसणारी मुलं आता सोबत स्पीकर पण आणायला लागलीत, बाकावर बसून दोन माणसांना नीट बोलता येत नाही, तर हे सगळं बंदच करून टाका. पत्र वाचून मला राग नाही आला. मी स्वतः बॅटरीवर चालणारा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका, घेऊन उघड्यावर गिटार वाजवणाऱ्यांपैकीच आहे, दहा-अकरा वर्षं झाली, आणि तरी मला त्यांचं म्हणणं निम्मं पटलं. कारण मी पण ऐकतो ना, लांबून नुसतं धप धप ऐकू येत असतं आणि जवळ जाऊन बघावं तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजतेय, गाण्याचा एक शब्द कळत नाहीये. पण हे होतं ते चुकीचा स्पीकर आणल्यामुळे आणि तो चुकीच्या जागी ठेवल्यामुळे. नीट निवडलेला छोटा अँप समोर बसलेल्यांना छान ऐकू जातो आणि लांबच्या बाकावरच्या माणसाला त्रास देत नाही, हे मी वर्षानुवर्षं करून बघितलंय, आणि त्यासाठीच हे पत्र. लांबलंय, कापायचं असेल तर कापा, पण अंतराचा आणि बॅटरीचा भाग तेवढा ठेवा प्लीज.

आधी हे सांगतो की अकूस्टिक गिटारला, म्हणजे पोकळ पेटीवाल्या साध्या गिटारला, अँप लागतोच कशाला. खोलीत भिंती असतात, छत असतं, आवाज आपटून परत येतो म्हणून गिटार भरलेली वाटते. उघड्यावर आवाज एकदा गेला की गेला, परत येत नाही. बोटांनी हळू वाजवलेलं तिसऱ्या रांगेपर्यंत सुद्धा पोचत नाही, मग वाजवणारा जोर लावतो, तारा खडखडायला लागतात, गाणारा ओरडायला लागतो, आणि जे गाणं मुळात हळुवार आहे त्याची पार वाट लागते. आम्ही दोघं असतो, मी वाजवतो आणि माझी मैत्रीण गाते, आणि पहिली दोन वर्षं आम्ही असंच घसा ताणून काढली. मला अँप हवा होता तो हळू वाजवता यावं म्हणून. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं ना की मग अँप निवडताना बघायच्या गोष्टीच बदलतात.

आता अंतराचं. उघड्यावर, आजूबाजूला भिंती नसताना, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने खाली येतो (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा ते मोजायचं माप). म्हणजे अँपपासून १ मीटरवर ८५ डेसिबल असेल तर २ मीटरवर ७९, ४ वर ७३, ८ मीटरवर ६७, १६ वर ६१ आणि ३२ मीटरवर ५५. दोन माणसं शेजारी बसून बोलतात तो आवाज साधारण ६० च्या आसपास असतो. हा हिशेब मी एकदा वहीत मांडला आणि माझे डोळे उघडले, कारण आमचे ऐकणारे कधीच ८-१० मीटरच्या पलीकडे नसतात. तीस-चाळीस माणसं अर्धगोलात बसली तर शेवटचा माणूस जेमतेम तेवढाच लांब असतो. त्याला ६७ ते ७० मिळाले की गाणं नीट ऐकू येतं आणि तिथून पुढे ३२ मीटरवरच्या बाकापर्यंत आवाज बोलण्याच्या खाली गेलेला असतो. म्हणजे आपल्याला काय लागतं तर ८-१० मीटरपुरता स्वच्छ आवाज. बाग भरून टाकणारं मशीन लागतच नाही.

ह्यातच अजून एक गंमत आहे जी बरेच जण लक्षात घेत नाहीत. अँप पहिल्या रांगेच्या नाकासमोर ठेवला, १ मीटरवर, तर पहिल्या आणि ८ मीटरवरच्या शेवटच्या रांगेत १८ डेसिबलचा फरक पडतो, पुढचे कान झाकतात आणि मागचे म्हणतात आवाज वाढवा. तोच अँप थोडा मागे नेला, पहिली रांग ४ मीटरवर आणि शेवटची ११ वर आली, की फरक साधारण ९ चाच राहतो. अँप तोच, बटण पण फारसं हलवलं नाही, नुसती जागा बदलली. आम्ही आता अँप नेहमी पहिल्या रांगेपासून तीन-चार मीटर तरी मागे ठेवतो, आमच्या बाजूला थोडा कडेने, आणि त्यावरून एकदाही कोणी तक्रार केलेली नाही.

मग वॅट. सगळे पहिलं हेच विचारतात, किती वॅटचा आहे. ३० वॅटवरून ६० वर गेलात तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला "हं, थोडा वाढला" एवढंच वाटतं. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा पट वॅट लागतात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे स्पीकर किती सेन्सिटिव्ह आहे, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर तो किती डेसिबल काढतो. एक ९० चा आणि एक ९६ चा असेल तर ९६ वाला २० वॅटवर जेवढा वाजतो तेवढं वाजायला ९० वाल्याला ८० वॅट लागतील, आणि ते ८० वॅट शेवटी बॅटरीतूनच येणार. हा सेन्सिटिव्हिटीचा आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो, वॅट मात्र मोठ्या अक्षरात असतात आणि त्यातही बऱ्याचदा पीक वॅट, जे क्षणभरासाठी मिळतात. आरएमएस किंवा सलग मिळणारे वॅट किती ते विचारा. आणि अजून एक विचारा, बॅटरीवर किती? कारण काही अँप लाइटवर एक आणि बॅटरीवर दुसरं वाजतात. रोलंडचा एसी ३३ बघा, लाइटवर ३० वॅट, ८ पेन्सिल सेलवर २०. रोलंडचाच क्यूब स्ट्रीट ईएक्स ५० वॅटचा आहे पण त्यात ५०, २५ आणि १० अशा तीन पायऱ्या दिल्यात, वॅट खाली आणले की तेच सेल जास्त तास चालतात. मला ही पद्धत प्रामाणिक वाटते, माणसाला स्वतःला ठरवता येतं आज किती लागणार आहे. आणि माझा अनुभव सांगतो, चाळीस माणसांपुढे आम्हाला २० वॅट कधी कमी पडले नाहीत.

आता माझी स्वतःची चूक सांगतो कारण बागेतल्या मुलांचं पण बहुतेक हेच होत असणार. मी पहिला घेतला तो गिटारचा अँप नव्हताच, पार्टीसाठी असतो तसला चाकांवाला स्पीकर होता, ब्लूटूथ, लाइट, माइकचं भोक, आणि त्याच भोकात गिटारची केबल खुपसायची. वॅट भरपूर लिहिले होते. गिटार लावली तर आवाज इतका पातळ की मला वाटलं पिकअप, म्हणजे तारांची थरथर उचलून केबलमध्ये पाठवणारा गिटारमधला भाग, खराब झालाय. पिकअप बदलायला निघालो होतो मी! नंतर कळलं ते असं. अकूस्टिक गिटारमध्ये सॅडलच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाली जो पिझो प्रकारचा पिकअप असतो त्याचा सिग्नल फार नाजूक असतो, त्याला पुढे असं इनपुट लागतं जे त्याच्यावर ओझं टाकणार नाही, साधारण १ मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहम, किंवा त्याच्या वर (ओहम हे विजेच्या अडथळ्याचं माप). माइकचं इनपुट असतं काही हजार ओहमचं. त्यात पिझो लावला की खालचे सूर सगळे गळून पडतात आणि उरतो तो किचकिचाट. मग माणूस बेस वाढवतो, त्याने गिटारचा बेस येत नाहीच, नुसता स्पीकर धप धप करायला लागतो. लांबच्या बाकावर जे धप धप ऐकू येतं ना, ते बऱ्याच वेळा हेच असतं.

ज्या गिटारमध्ये आतच प्रीअँप आहे, कडेला बटणं आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते, तिला हा त्रास कमी होतो कारण प्रीअँप सिग्नल आधीच दणकट करून बाहेर पाठवतो. पण तुमच्या गिटारला नुसता पिकअप असेल, प्रीअँप नसेल, तर अँपचं इनपुट अकूस्टिक गिटारसाठीच केलेलं पाहिजे, नाहीतर मध्ये एक छोटा प्रीअँप बॉक्स लावा. आणि हो ती ९ व्होल्टची बॅटरी, बहुतेक गिटारमध्ये केबल खुपसली की ती चालू होते आणि केबल काढेपर्यंत संपत राहते. वाजवून झालं की केबल काढा. कार्यक्रमाच्या मध्ये गिटारचा आवाज फाटायला लागला तर अँपला दोष देण्याआधी ही बॅटरी बदलून बघा, माझ्या ओळखीतल्या दोघांनी ह्यासाठी अँप दुरुस्तीला टाकला होता.

इलेक्ट्रिक गिटारचा छोटा बॅटरी अँप पण चालत नाही, हे पण करून झालंय माझं. त्यातला स्पीकर मुद्दाम आवाजाला रंग देणारा असतो, वरचे सूर कापलेले असतात, थोडं वाढवलं की आवाज फुटतो, आणि इलेक्ट्रिकला तेच हवं असतं. अकूस्टिकला हवं असतं की लाकडाचा आवाज आहे तसा यावा, म्हणून तिच्या अँपमध्ये वरच्या सुरांसाठी वेगळा ट्वीटर बहुतेक वेळा असतो.

बॅटरी. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे आणि सगळ्यात जास्त कार्यक्रम इथेच वाया जातात.

तीन प्रकार दिसतात. पेन्सिल सेलवर चालणारे, आत सीलबंद लेड अॅसिड बॅटरी असणारे आणि लिथियमवाले. पेन्सिल सेलची लोक टिंगल करतात पण मला तो प्रकार मनापासून आवडतो, कारण सेल कुठेही मिळतात आणि अर्ध्या मिनिटात बदलता येतात, चार्जरची वाट बघत बसावं लागत नाही. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा आणि समजा २००० एमएएचचा (सेलमध्ये किती वीज मावते तो आकडा), म्हणजे २.४ वॅट-तास, किती वॅट किती तास पुरतील त्याचा हिशेब. असे ८ घेतले तर झाले साधारण १९ वॅट-तास. आता २० वॅटचा अँप एका तासात हे संपवेल असं वाटतं की नाही? पण ह्या सेलवर अँप सात-आठ तास आरामात चालतो, म्हणजे सरासरी अडीच वॅटच खाल्ले त्याने. कारण संगीत सतत जोरात नसतंच, जोराचा स्ट्रोक क्षणभर येतो आणि मग ओसरतो, गाण्याच्या दोन ओळींच्या मध्ये तर अँप जवळजवळ रिकामाच बसलेला असतो. म्हणून कंपन्या तासांचे मोठे आकडे लिहितात ते खोटे नसतात, फक्त ते कुठल्या आवाजाला आहेत ते वाचायचं असतं. फिशमनचा लाउडबॉक्स मिनी चार्ज ६० वॅटचा आहे, त्यांनी स्वतःच सांगितलंय की हळू वाजवलं तर १८ तासांपर्यंत आणि पूर्ण आवाजात ४ तास. बोसच्या एस वन प्रोला ११ तासांपर्यंत म्हणतात. माझा नियम एवढाच की मोठ्या आकड्याचा निम्मा धरायचा आणि तेवढ्यात आपला कार्यक्रम दोनदा बसला पाहिजे.

साधे अल्कलाइन सेल सुरुवातीला १.५ व्होल्ट देतात पण वापरता वापरता हळूहळू उतरत जातात आणि एकदम जोराचा करंट मागितला की अजून खाली बसतात. त्यामुळे होतं काय की हळू वाजवताना सगळं ठीक वाटतं, दिवा पण हिरवा असतो, आणि शेवटच्या गाण्यात जोरात स्ट्रमिंग सुरू केलं की प्रत्येक स्ट्रोकला आवाज फाटतो. रिचार्जेबल निकेलवाले सेल व्होल्टेज कमी दाखवतात पण शेवटपर्यंत जवळपास तेवढंच टिकवून धरतात आणि मग पटकन संपतात. मी तेच वापरतो, आठाचे दोन संच, प्रत्येक सेलवर मार्करने अ आणि ब लिहिलेलं, संच कधी मिसळायचे नाहीत, जुना नवा एकत्र नाही, कारण आठात एक जरी मेलेला असला तरी तो बाकी सातांना घेऊन बुडतो.

लेड अॅसिडचा धडा मला महागात पडला. एक चांगला दोन चॅनलचा अँप घेतला होता, आवाज इतका गोड की मैत्रीण म्हणाली आता दुसरा बघू नकोस. एका कार्यक्रमानंतर थकून आलो, चार्ज न करता कपाटात ठेवला, मग काही कारणाने तीन महिने वाजवणंच झालं नाही. काढला तर दहा मिनिटांत बंद. परत चार्ज, परत दहा मिनिटं. लेड अॅसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक बसतं आणि मग ती पूर्ण भरतच नाही, हे मला विकताना कोणी सांगितलं नाही आणि सोबतच्या पुस्तकात ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं. मला ह्याचा अजूनही राग आहे, कारण ही गोष्ट पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात असायला हवी. तर लेड अॅसिड असेल तर वाजवून आल्यावर त्याच रात्री चार्जिंगला लावा, आणि वाजवत नसाल तरी महिन्यातून एकदा भरा. लिथियमचं उलटं आहे, ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवायची नाही, साधारण निम्मी भरलेली आणि थंड जागी ठेवायची, उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही. वजनात मात्र लिथियम फार पुढे आहे. आणि विमानाने नेणार असाल तर बॅटरीवर वॅट-तास बघा, १०० पर्यंतची लिथियम बॅटरी साधारणपणे सोबतच्या बॅगेत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी कधीच चेक-इनच्या सामानात टाकायची नाही.

घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा की बॅटरी मला स्वतःला बदलता येते का. चिकटवून बंद केलेली असेल तर बॅटरी गेली की अँप गेला. माझ्यासाठी ह्या एका गोष्टीवर अँप घ्यायचा की नाही ते ठरतं.

कुईं करून शिट्टी वाजते ना, फीडबॅक, त्याचं पण सांगायला पाहिजे कारण लांबच्या लोकांना सगळ्यात जास्त तेच टोचतं. गिटार ही पोकळ पेटी आहे, अँपचा आवाज तिच्यावर आदळतो, ती थरथरते, पिकअप ते उचलतो, अँप परत मोठं करून फेकतो आणि असं फिरत राहतं. गिटारमध्ये हे मुख्यतः खालच्या सुरांत होतं, पेटीतल्या हवेचा स्वतःचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि वरच्या फळीचा २०० च्या आसपास, तिथेच ती हूंऽऽ करायला लागते. अँपवर नॉच नावाचं बटण असेल तर ते नेमका तेवढाच सूर कापतं आणि बाकी आवाज तसाच ठेवतं, फेजचं बटण असेल, जे सिग्नल उलटा करतं, तर ते दाबून बघायचं, कधी कधी नुसत्या तेवढ्याने काम होतं. नाहीतर साउंडहोलमध्ये, गिटारच्या पोटावरच्या गोल भोकात, बसवायचं रबराचं झाकण मिळतं, साधी वस्तू आहे पण मी तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. आणि अँपच्या तोंडासमोर गिटार धरून बसायचं नाही, एवढं केलं तरी निम्मा त्रास जातो.

माइकची शिट्टी वेगळी असते, टोकदार. साधा कार्डिऑइड माइक, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, बरोबर मागच्या बाजूने सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून अँप माइकच्या शेपटीकडे आला पाहिजे. सुपरकार्डिऑइड, म्हणजे समोरचं अजून अरुंद पट्ट्यात ऐकणारा, असेल तर त्याचा बहिरा कोपरा सरळ मागे नसतो, मागून थोडा बाजूला असतो, तिथे अँप तिरका ठेवावा लागतो. गाणारं कोणी असेल तर अँपला दोन चॅनल पाहिजेतच, गिटारचा आणि माइकचा वेगळा, दोघांना वेगळा बेस आणि ट्रेबल. माइक डायनॅमिक घ्या, शुअरचा एसएम ५८ १९६६ पासून स्टेजवर आहे आणि त्याला कसलीही पॉवर लागत नाही. कंडेन्सर नावाच्या दुसऱ्या प्रकारच्या माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला जाणारी वीज, लागते, ती बॅटरीच्या सगळ्याच अँपमध्ये नसते.

ब्लूटूथबद्दल दोन वाक्यं. मोबाइलवरून मागचं संगीत लावायला ते ठीक आहे, पण गिटार ब्लूटूथवरून अँपला जोडू नका, आवाज पोचायला बहुतेक वेळा सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशीर होतो आणि तार छेडल्यावर सूर मागून येतो, हात अडखळतो. केबलच बरी.

आता परत बागेकडे येतो. बेस कमी करा, हे मी सगळ्या मुलांना हात जोडून सांगेन. अँप जमिनीवर ठेवला की जमिनीमुळे खालचे सूर आपोआप वाढतात, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तर अजून वाढतात, आणि हेच खालचे सूर झाडं, बाकं, घरांच्या भिंती कशालाच न जुमानता लांब जातात. वरचे सूर, ज्यात शब्द कळतात, ते सरळ रेषेत जातात आणि मध्ये माणूस आला तरी अडतात. म्हणून जमिनीवरचा अँप पहिल्या रांगेच्या गुडघ्यांना शब्द ऐकवतो आणि लांबच्या घराला धप धप. अँप उचलून स्टुलावर किंवा स्टँडवर ठेवा, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, नाहीतर निदान मागे टेकून तोंड वर करा, बऱ्याच अँपना त्यासाठी मागे पाय असतो. मग बेस इतका खाली आणा की तुम्हाला स्वतःला थोडा कमी वाटेल. समोर छान ऐकू येतं, खात्रीने सांगतो, कारण गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर ८२ हर्ट्झला असला तरी आपला कान तो सूर ओळखतो ते त्याच्या वरच्या पटींवरून. रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलसारखा घुमणारा आवाज, तो पण थोडाच, जास्त टाकला की शब्द वाहून जातात आणि मग माणूस शब्द कळावेत म्हणून आवाज वाढवतो.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. तिथली महागडी गिटार कुठल्याही अँपवर छान वाजते, त्याने काही कळत नाही. लाइटची वायर काढायला सांगा आणि बॅटरीवर ऐका. दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला लावून तुम्ही दहा पावलं मागे जाऊन उभे राहा, कारण ऐकणारे तिथेच बसणार आहेत. आवाज तीन चतुर्थांश वर नेऊन एक जोराचा स्ट्रोक मारा आणि फाटतो का बघा, मग हात तारांवर ठेवून गप्प राहा आणि सुं सुं आवाज किती येतो ते ऐका. शेवटी अँप एका हातात आणि गिटार पाठीवर घेऊन दुकानात पाच मिनिटं चाला. पाच किलो आणि दहा किलोतला फरक कागदावर कळत नाही, तिसऱ्या जिन्याला कळतो, आणि जड अँप माणूस दोन-तीनदा नेतो आणि मग घरीच ठेवतो, असे कपाटात पडलेले चांगले चांगले अँप मी बघितलेत आणि मला त्याचं वाईट वाटतं.

वाजवायला सुरुवात करण्याआधी आम्ही एक करतो. मैत्रीण माइकवर पहिलं कडवं म्हणते, मी आधी शेवटच्या ऐकणाऱ्याच्या जागेवर जाऊन उभा राहतो, शब्द कळले पाहिजेत. मग तिथून पुढे चालत जातो, जिथे आपल्याला ऐकायला न आलेली माणसं बसलीत त्या बाकापर्यंत. तिथे पण शब्द कळत असतील तर आवाज जास्त आहे, परत येऊन कमी करतो. त्या बाकावर कोणी असेल तर विचारतो, त्रास होतोय का. बहुतेक जण नाही म्हणतात, एकदा एका आजोबांनी हो म्हटलं, त्यांच्या कानात मशीन होतं आणि वरचे सूर त्यात टोचत होते, तर आम्ही अँपचं तोंड थोडं दुसरीकडे फिरवलं आणि त्यांना पुढे येऊन बसायचा आग्रह केला. ते बसले, शेवटपर्यंत.

ज्या वाचकांनी ते पत्र लिहिलं त्यांना माझी विनंती आहे की बंद करा म्हणण्याआधी एकदा त्या मुलांजवळ जाऊन सांगा, अँप मागे घ्या, वर उचला, बेस कमी करा. तीनच गोष्टी आहेत आणि तिन्ही करायला एक मिनिट लागतं. तरीही नाही ऐकलं त्यांनी तर मग तुमची तक्रार शंभर टक्के खरी, मी पण तुमच्यासोबत सही करेन.

आपला,
एक गिटार वाजवणारा वाचक